वाकडी बोटं

६ मार्च १९७८, सोमवार

रात्रभर झोपली नाही. दर दोन घंट्यानं पलटी असते म्हणून नाही. ते आता अंगात भिनलं, उभ्या उभ्या डुलकी घेता येते. झोपली नाही कारण काल ईश्वरदासभाऊ साऱ्या वार्डासमोर मले म्हणाला, "पोरी, तू आपल्या नवऱ्याचा हात खाल्ला."

ही वही सिस्टरनं पलट्या लिहाले देली. किती वाजता डाव्या अंगावर, किती वाजता उजव्या, लघवीच्या नळीतून पाणी किती उतरलं. मी समोरून पलट्या लिहिते आन मागच्या पानापासून हे लिहिते. कोणी वाचन याचं भेव नाही. वार्डात तीन मरद, तिघायचीही मान मोडली, तिघायलेही पान पलटता येत नाही.

आमचे हे, कवडू, डिसेंबरात पडले. चुलतभावाच्या लग्नात मांडवाच्या बल्लीवर चढून भोंगा बांधत होते. लग्न दुसऱ्याचं, मान यायची. नवरी आता पोटुशी हाय, अन् हे छातीखाली निपचित. खांदे हालतात, कोपर वाकते, मनगट वर उचलते. बोटं बिलकुल नाही.

आता हाताचं लिहिते. बोटं आत वळून राहिली होती, बेबीच्या मुठीसारखी. बेबी आठ महिन्यांची हाय. तिची मूठ मी मालिश करता करता उघडते, एक एक बोट मोकळं करते. आईनं तसंच शिकवलं. यायचंही तसंच केलं. आधीच्या दवाखान्यात अडीच महिने, रोज दोन वेळा, खोबरेल तेल घेऊन. मनगट मागं वाकवायचं, बोटं सरळ ताणायची, अन् पंजा पलंगावर दाबून धरायचा, भाकर थापतो तसा. डावा हात असा मोकळा झाला का विचारू नका. सासू म्हणाली, "हात सुधरला वं!" मी खुश.

इथं येऊन बारा दिवस झाले. काल आमचा पलंग ईश्वरदासभाऊच्या समोर आणला अन् त्यानं मालिश पाह्यली. असा बोंबलला का बेबी रडाले लागली.

"बोटं वाकडीच राहू द्यायची असतात! मनगट वर केलं का वाकडी बोटं आपसूक मिटतात. देवानं तेवढीच पकड ठेवली आपल्याले. चमचा म्हण, पेन म्हण, त्यातच धरायचं. तू तेच ढिलं करून टाकलं!"

मी मोठ्या डॉक्टरले विचारलं. तो म्हणाला, "हो, खरं आहे. कोणीतरी सांगायला पाहिजे होतं तुम्हाला." कोणीतरी म्हणजे कोण, ते नाही सांगितलं. निघून गेला.

उजवा हात वाचला. पडताना त्याचं मनगट मोडलं, म्हणून तो दीड महिना प्लास्टरात अन् मंग पट्टीत बांधून होता, माझ्या हाती लागला नाही. मोडला म्हणून वाचला. जो धड होता तो मी खाल्ला.

यायले अजून सांगितलं नाही. हे तेव्हा गोळीच्या गुंगीत झोपले होते.

७ मार्च, मंगळवार

यायले सांगायची गरजच नाही पडली. ईश्वरदासभाऊ सकाळीच सांगून मोकळा झाला. हे नुसते छताकडं पाहून राहिले. तसे ते दुसरीकडं पाहूही शकत नाही.

ईश्वरदासभाऊ वायरमन होता, खांबावरून पडला, सहा वर्षं झाली. डोकं सोडून काही हालत नाही म्हटलं तरी चालते. मनगट थोडं उचलते, पण हात पोळपाटासारखे चपटे, पाणी दुसऱ्यानं पाजाव लागते. पण वार्ड तोच चालवते. डॉक्टर सकाळी पाच मिनिटं येते, हा चोवीस घंटे असते. दुसरे बाबाराव, इथल्याच इतवारी बाजारातले कापडवाले. एका बाईले वरच्या फळीवरचं लुगडं दाखवाले शिडीवर चढले अन् पडले. बाईनं लुगडं घेतलं नाही. बाबारावच्या समोर भिंतीवर घड्याळ हाय, म्हणून पलटीची वेळ ते सांगतात. "पलटीऽऽ!" असे ओरडतात का जसं दुकान बंद करून राहिले.

ईश्वरदासभाऊ आम्हा बायायची परीक्षा घेते. मी अन् बाबारावची बायको कौशल्याबाई, दोघी उभ्या.

"डोकं ठणकलं, तोंड लाल झालं, कपाळाले घाम आला. काय करशीन?"

मी म्हटलं, "गोळी देईन."

"देशीन, अन् त्याले पोचवशीन! आधी नळी पाह्यची. नळी दबली का पोट फुगते, अन् ते आपल्याले खाली समजत नाही, वर डोक्यात समजते. आधी बसतं कराचं, मंग नळी, मंग गोळी. कर पाठ!"

चौथी शिकली मी, तेव्हाही एवढं पाठ केलं नव्हतं.

वीस तारखेले कमिटी येणार हाय. ज्याची प्रगती दिसन त्याले सहा महिने शिकाऊ हॉलात ठेवतात, चाकाची खुर्ची देतात, काम शिकवतात. ज्याची दिसली नाही तो घरी. आमचं घर उमरेडले. एका खोलीत यायचा हातमाग, त्याच खोलीत सात माणसं. घरी गेलेल्यायचं काय झालं ते ईश्वरदासभाऊ नावानिशी सांगते. पाठीले जखमा, मंग ताप, मंग खांदेकरी.

मार्तंडदादाचं पत्र आलं. माझा भाऊ, काटोलले संत्र्याच्या आडतीत काट्यावर असते. लिहिते का घरी पाठवलं तं मी टेम्पो घेऊन येतो, तू अन् बेबी काटोलले चाला, जावयाले त्यायची माय पाहीन. चोवीस वर्षाची पोरगी जन्मभर मुताची नळी धुवाले नाही देल्ली आम्ही.

पत्र मी यायले वाचून नाही दाखवलं.

९ मार्च, गुरुवार

आज मले इतका राग आला का लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

ईश्वरदासभाऊची माय जनाबाई दर गुरुवारी येते. पासष्टीची असन. लांबून चालत येते, वाटीत तेल घेऊन. ती बसली अन् तिनं काय केलं? लेकाचं मनगट मागं वाकवलं अन् एक एक बोट ताणून सरळ केलं. पंजा मांडीवर दाबून धरला. बिलकुल माझ्यासारखं! म्हणे सहा वर्षांत एक गुरुवार चुकला नाही, पहिलं वर्ष तं रोज करे.

अन् हा? हा वाघ? "हो माय. बरं वाटते माय." डोळे मिटून पडला वासरासारखा.

ती गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, मले साऱ्यांसमोर फाडलं. त्यायले काहून नाही सांगत?"

"तिचा गुरुवार हाय. तो राहू दे तिले."

"आन माझे सात वार?"

"तू चूप राय. उजवा हात समोर घे."

असे असतात मोठ्या लोकायचे नियम. सुनायले एक, मायले एक.

१० मार्च, शुक्रवार

उजव्या हाताची प्रॅक्टिस. चमच्याच्या दांड्याले मी सूत गुंडाळून जाड केलं. ईश्वरदासभाऊ तिकडून ओरडते, "मनगट खाली सोड, बोटं उघडतीन. चमचा बोटायच्या मधात घाल. आता मनगट वर!" बाबाराव म्हणतात, "कोपर नाही गा, खांदा फेक, खांदा!" त्यायचा खांदा चांगला हाय. एकापाशी अक्कल, एकापाशी खांदा, एकापाशी मनगट. तिघं मिळून एक हात होते, तोही उजवाच.

चमचा तेरा वेळा पडला. मी तेरा वेळा उचलला.

चौदाव्यांदा राहिला. हे हसले. डिसेंबरापासून पहिल्यांदा दात दिसले. म्हणाले, "अरे, हा तं ताणा हाय! मागाचा ताणा, उभं सूत, ढिला झाला तं धोटा चालन का? ताणूनच ठेवाव लागते." मंग डाव्या हाताकडं पाह्यलं, म्हणजे मानेनं नाही, डोळ्यानं. म्हणाले, "हा ढिला ताणा हाय. जाऊ दे. जुनं सूत."

मी संडासात जाऊन रडली. तिथं कोणी परीक्षा घेत नाही.

बाबाराव म्हणे, "सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात, ते खरंच हाय बाप्पा." स्वतःच हसले. कापडवाल्यायचे विनोद असेच, मीटरवर.

१२ मार्च, रविवार

दादा आला. नवी टेरिलिनची पँट. संत्र्याची पिशवी आणली, ती तिघायच्या मधात ठेवली. सोलून कोण देईन, हा विचार नाही.

पलंगाच्या काठावर बसला अन् लगेच सुरू. मोठ्यानं. दादाले वाटते मान मोडली म्हणजे कान बी गेले.

"चंद्रकला, मी सरळ बोलतो. जावई चांगला माणूस, त्यायच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हे आता माणूस थोडी राह्यले? तू काय करशीन, जन्मभर पलटी? लोकं मले तोंड दाखवू देत नाही."

मी म्हटलं, "हळू बोल."

"काहून हळू? ऐकू दे. पाहा, पाहा, ऐकून तोंड लाल झालं त्यायचं. लाज वाटून राहिली. घाम फुटला पाहा कपाळाले. मनातून त्यायलेही पटते हे!"

मी पाह्यलं. यायचं तोंड टमाट्यासारखं. कपाळावर घाम. ओठ हालून राहिले, "डोकं... डोकं..."

तिकडून ईश्वरदासभाऊ गरजला, "ए टेरिलिन! उठ! नळीवर बसला तू!"

दादा म्हणे, "हा कोण मले उठवणार?"

मंग काय झालं ते नीट आठवत नाही. कौशल्याबाई म्हणतात का मी भावाले बखोटीले धरून खाली ओढला अन् तो फरशीवर बसला. मी यायले बसतं केलं, पाठीमागं उशा लावल्या, नळी सोडवली. इतकं पाणी धाडधाड उतरलं का काही विचारू नका. पाच मिनिटात तोंडाचा रंग परत आला.

दादा फरशीवरूनच म्हणे, "मले काय मालूम?"

ईश्वरदासभाऊ म्हणाला, "कोणालेच मालूम नसते गा. म्हणून तं आम्ही इथं हाओत."

जाताना दादा दारात माझ्याशी हळू बोलला. आता हळू! "अजून पाच मिनिटं बसलो असतो तं?" मी म्हटलं, "तं तुले टेम्पोची गरज पडली नसती, तिरडी लागली असती." त्यानं डोळे पुसले. पण म्हणाला, घरी पाठवलं तं मी येणारच. तू आज वाचवलं, उद्या उमरेडले कोण ओरडन नळी नळी म्हणून?

हे मात्र त्यानं खरं म्हटलं.

१५ मार्च, बुधवार

बेबीले दात आला. यायले दाखवला. बाबाराव म्हणे आम्हालेही दाखव. तिघायले दाखवत फिरली.

२० मार्च, सोमवार

कमिटी आली. चार साहेब, एक बाई, एक फोटोवाला. वार्डात फिनाईल इतकं टाकलं होतं का आमचेच डोळे पाण्यानं भरले. साहेबाले वाटलं आम्ही भारावलो.

वरणभात समोर ठेवला. सगळा वार्ड चमच्याकडं पाहून राहिला. यायनं मनगट खाली सोडलं, चमचा घातला, मनगट वर केलं. खांदा फेकला. तोंडात गेला! दुसरा गेला. तिसऱ्यातला अर्धा मिशीत गेला, पण तो धड माणसाचाही जाते. बाबाराव ओरडले, "बहोत अच्छे!" मी पदर तोंडात कोंबला.

कमिटीच्या बाईनं यायचे दोन्ही हात हातात घेतले. डावा उलटा पालटा करून पाह्यला. म्हणाली, "हा हात किती छान सरळ झालाय! उजवा मात्र अजून वाकडाच आहे. त्याला मालिश करा हं."

ईश्वरदासभाऊले असा खोकला लागला का सिस्टर धावत आली.

मंग मोठा साहेब म्हणाला, "म्हणजे हा पेशंट स्वतःच्या हातानं जेवतो?"

सगळे म्हणाले, हो.

"उत्तम! म्हणजे बरा झाला. शिकाऊ हॉल गरजूंसाठी आहे. याला घरी पाठवा. बेड मोकळा होईल."

मले वाटलं मी ऐकण्यात चुकली. ज्याले येत नाही त्याची प्रगती नाही म्हणून घरी, ज्याले येते तो बरा झाला म्हणून घरी. मंग शिकाऊ हॉलात राहते कोण? कौशल्याबाई म्हणते खुर्च्या राहतात, अन् त्यायच्यावर चादरी.

ईश्वरदासभाऊ म्हणाला, "सायेब, तो जेवते. मुतत नाही अजून. तेही दाखवू का? फोटो घ्या त्याचा."

साहेबानं विचारलं, हा कोण, किती वर्षांपासून आहे? सिस्टरनं मान खाली घालून सांगितलं, सहा. साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं. शनिवारी तिघायलेही डिस्चार्ज, बाबारावले प्रगती नाही म्हणून. एका वाक्यासाठी भाऊचा पलंग गेला.

फोटो मात्र काढला. चमच्याचा.

२१ मार्च, मंगळवार

दिवसभर पलटीची हाकही बारीक.

संध्याकाळी बाबाराव म्हणाले, "इतवारीत दुकानामागं माझी खालची खोली हाय. गाठोडे ठेवतो. तीन पलंग मावतीन." मंग म्हणे, "दानधर्म नाही करून राहिलो गा मी. घरी माझे पोरं हाय, नोकर हाय, पण नळी दबली तं ओरडणारा कोणी नाही. सगळे 'बाबूजी आराम करा' म्हणतात. आरामानंच मरन मी."

कौशल्याबाई पाटल्या मागं सारून मले म्हणाली, "हे पाह्य चंद्रकला. मी तीन महिने झोपली नाही. एकटीनं करीन तं वेडी होईन. दोघी असलो तं एक रात्र तू, एक रात्र मी. मले यायची नाही, माह्या झोपेची पडली हाय. खरं सांगते."

मले ही बाई पहिल्यांदा आवडली.

हे म्हणाले, खोलीत चरखा बसन का, उजव्या हाताले मूठ बांधून द्या, सुताच्या कांड्या भरून पाहीन. ईश्वरदासभाऊ म्हणाला, मी काय करू? बाबाराव म्हणाले, "तुम्ही ओरडा. तेच तं लागते."

मी हो बी नाही म्हटलं, नाही बी नाही म्हटलं.

२२ मार्च, बुधवार

खरं लिहिते. टेम्पोत बसून जावंसं वाटते. काटोलले आईच्या हातचं खावंसं वाटते, अन् कोणी पलटी म्हणून हाक मारू नये. त्या खोलीत डॉक्टर नाही, सिस्टर नाही. तीन माना अन् आम्ही दोघी. एखाद्या दिवशी मी झोपली अन् नळी दबली, तं? हात तं खाल्लाच हाय. उद्या जीव खाल्ला तं?

हे दुपारी म्हणाले, "जा तू. दादा बरोबर म्हणते. बेबीले घेऊन जा."

मी म्हटलं, "मले पाठवणारे तुम्ही कोण? मी काय पार्सल हाय?"

"मंग राह्य."

"राह्य म्हणणारे बी तुम्ही कोण?"

ईश्वरदासभाऊ तिकडून म्हणे, "भांडा, भांडा. दोघायचेही फुफ्फुस मोकळे होतात."

२३ मार्च, गुरुवार

जनाबाई आली. तिले इतवारीचं सांगितलं. ती इतकी खुश झाली. म्हणे इतवारी तं माह्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडं, आता मी रोज येईन, रोज मालिश करून देईन, पाहा हात कसा सुधरते. ईश्वरदासभाऊचं तोंड पाहण्यासारखं झालं. माय रोज येणार म्हणून खुश व्हाव, तं हा भिंतीकडं पाहून राहिला.

तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "काकू, माह्या डाव्या हाताले बी द्या न करून. तुमच्या हाताले गुण हाय. फक्त उजव्याले हात लावू नका, त्याले देवाचा नवस हाय."

म्हातारीनं लगेच वाटी घेतली अन् यायच्या डाव्या हाताले बसली. ईश्वरदासभाऊ यायच्याकडं पाहत राहिला.  यायले मध्येच हे काय सुचलं, अन् नवस कोणता, मले तं यायनं कधी सांगितला नाही. मरद माणसाचं काही समजत नाही. पण वार्डात लय दिवसानं शांत वाटलं.

२४ मार्च, शुक्रवार

कौशल्याबाईनं विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, मी गेली तं तू एकटी किती दिवस करशीन? ती म्हणाली, "चार. पाचव्या दिवशी पळीन." तिनं बिलकुल न लाजता म्हटलं.

म्हणजे मी गेली का कौशल्या जाते, कौशल्या गेली का तिघं आपापल्या घरी, अन् आपापल्या घरी काय होते ते ईश्वरदासभाऊनं नावानिशी सांगितलं हाय. एका टेम्पोत मी अन् बेबी बसन, अन् तीन माणसं मरतीन.

उद्या कोणी म्हणू नये का चंद्रकला पतिव्रता म्हणून राहिली. मले भेव वाटते म्हणून राहिली. इथं राहून भेव वाटते, तिथं जाऊन जास्त वाटन. एवढंच.

२५ मार्च, शनिवार

गाडी आली. दोन खेपा होतीन. पहिल्या खेपेत हे अन् ईश्वरदासभाऊ, मी मधात, मान धराले. बेबी कौशल्याबाईजवळ. ईश्वरदासभाऊ आतापासूनच ड्रायव्हरले शिव्या देऊन राहिला का खड्डा पाहून चालव. ड्रायव्हर म्हणे, अजून गाडी सुरू नाही केली बाप्पा!

ही वही दवाखान्याची हाय, सिस्टरच्या टेबलावर ठेवून चालली. ऑफिसात टेलिफोन हाय, पण क्लार्क जेवाले गेला अन् कुलूप लावून गेला. थांबली तं मान कोण धरन?

म्हणून जो कोणी ही वही उघडन त्याले हात जोडून सांगते. माझ्या भावाले फोन लावा. काटोल, संत्रा बाजार, ताराचंद सेठची आडत, मार्तंडले बोलवा म्हणा, काट्यावरच असन. डिस्चार्जचं कळल्यावर त्यानं चिठ्ठी धाडली, तो आज चार वाजता टेम्पो काढणार हाय, त्याच्या आधी लावा. सांगा, बहीण म्हणते नेयाले येऊ नको. पत्ता इतवारी, बाबारावच्या कापड दुकानामागची खोली. यायचं असन तं मुक्कामाले ये, दोन पलट्या शीक, खाली बस, पलंगावर नाही. तो रागावन. लय रागावन, सुरुवातीले बहिणीवर, मंग जावयावर, मंग तुमच्यावर. तरी फोन ठेवू नका. ट्रंक कॉल तीन मिनिटाचा असते. दोन मिनिटात त्याचा राग सरते, अन् तिसऱ्या मिनिटाले तो विचारते का तिथं काय काय लागन. तेवढं त्याले सांगा. चादरी लागतीन.